२१ वा की २२ वा? एनएफएलमध्ये रिसीव्हर निवडताना संघ काय बघतात आणि कुठे फसतात

२३ एप्रिल २०२०. कोरोनामुळे सगळं जग घरात बंद होतं. अमेरिकन फुटबॉलची सर्वात मोठी लीग असलेल्या एनएफएलचा ड्राफ्टही त्या वर्षी ऑनलाइन झाला. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल स्वतःच्या घराच्या तळघरात बसून एकेक नाव जाहीर करत होते.

२१ व्या क्रमांकावर पाळी आली फिलाडेल्फिया ईगल्सची. त्यांना चांगला वाइड रिसीव्हर हवाच होता. त्यांनी नाव घेतलं जेलन रेगर याचं. लगेच पुढचा, म्हणजे २२ वा क्रमांक मिनेसोटा वायकिंग्जचा होता. ईगल्सची निवड ऐकून वायकिंग्जच्या व्हिडिओ कॉलवर हशा पिकला. त्यांना हवा असलेला खेळाडू अजून शिल्लक होता. त्याचं नाव जस्टिन जेफरसन.

पुढच्या दोन हंगामांत रेगरने ईगल्ससाठी ६४ झेल घेत ६९५ यार्ड मिळवले. जेफरसनने तेवढ्याच काळात १९६ झेल आणि ३,०१६ यार्डांची कमाई केली. वायकिंग्जची ती क्लिप आजही दर एप्रिलमध्ये सोशल मीडियावर फिरते आणि त्याखाली ईगल्सची टिंगल चालते.

पण टिंगल बाजूला ठेवली तर प्रश्न गंभीर आहे. ज्या संघाकडे डझनावारी स्काउट आहेत, डेटा तज्ज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, तो संघ एवढा कसा चुकला? आणि विशी-बाविशीतला मुलगा मोठ्या लीगमध्ये चालेल की नाही, हे आधी ओळखता येतं का?

सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी थोडं बेसिक : ड्राफ्ट म्हणजे काय आणि वाइड रिसीव्हर करतो काय?

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे ज्याच्याकडे पैसा, त्याला खेळाडू. एनएफएलमध्ये नवे खेळाडू घेताना बोली लागत नाही. ३२ संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. मागच्या हंगामात जो संघ तळाला, त्याचा नंबर पहिला. अशा एकूण सात फेऱ्या होतात. एकदा खेळाडू निवडला की तो त्या संघाचा. निवडीचे हे क्रमांक संघ आपापसांत बदलूही शकतात.

आता वाइड रिसीव्हर. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेकडून धावत जाऊन तो झेलतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या अंगावर एक बचावपटू सोडलेला असतो. कधी कधी दोन असतात. त्यांना चकवून मोकळी जागा तयार करणं हे त्याचं खरं काम आहे. या मोकळ्या जागेला 'सेपरेशन' म्हणतात.

रिसीव्हर मनाला येईल तसा धावत नाही. तो आखलेल्या वाटेने धावतो, तिला 'रूट' म्हणतात. पाच पावलं सरळ जाऊन आत वळायचं, बारा यार्डांवर थांबून मागे फिरायचं, सरळ शेवटपर्यंत सुटायचं, अशा बऱ्याच वाटा ठरलेल्या असतात. अनेकदा रिसीव्हर वळायच्या आधीच क्वार्टरबॅकने चेंडू सोडलेला असतो. म्हणजे वळण अर्धा सेकंद उशिरा झालं तर चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

हे सगळं कॉलेजच्या मैदानावर जमणाऱ्या मुलाला एनएफएलमध्ये जमेलच असं नाही. तिथले बचावपटू जास्त वेगवान, जास्त ताकदवान आणि जास्त हुशार असतात. नियमही थोडे वेगळे आहेत. कॉलेजमध्ये सीमारेषेजवळ झेल घेताना एक पाय आत असला तरी चालतं. एनएफएलमध्ये दोन्ही पाय आत लागतात.

४० यार्डांची शर्यत, आणि तिचा मोह

ड्राफ्टच्या काही आठवडे आधी इंडियानापोलिसमध्ये 'कम्बाइन' भरतं. निवडक कॉलेज खेळाडूंना बोलावून त्यांची उंची, वजन, हातांची लांबी मोजली जाते, वैद्यकीय तपासणी होते, मुलाखती होतात आणि धावण्या-उडी मारण्याच्या चाचण्या घेतल्या जातात.

यातली सगळ्यात गाजणारी चाचणी म्हणजे ४० यार्डांची दौड. सुमारे साडेछत्तीस मीटर. टीव्हीवर थेट दिसते, काही सेकंदांत निकाल लागतो आणि तो आकडा लगेच व्हायरल होतो.

२०१७ मध्ये जॉन रॉसने ही दौड ४.२२ सेकंदांत पूर्ण केली. तो तेव्हाचा कम्बाइनचा विक्रम होता. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या हंगामात त्याने किती झेल घेतले? शून्य. दुखापती मागे लागल्या आणि पुढेही एकाही हंगामात तो १,००० यार्डांपर्यंत पोचला नाही. रॉसचा विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांची वेळ नोंदवून मोडला. या वेळी संघ जरा सावध दिसले. वर्दीला कॅन्सस सिटी चीफ्सने घेतलं, पण २८ व्या क्रमांकावर.

दुसऱ्या टोकाला कूपर कप आहे. तो ईस्टर्न वॉशिंग्टन या दुय्यम विभागातल्या कॉलेजकडून खेळायचा. त्याची वेळ ४.६२ सेकंद, रिसीव्हरच्या मानाने संथ. २०१७ मध्येच लॉस एंजलिस रॅम्सने त्याला तिसऱ्या फेरीत ६९ व्या क्रमांकावर घेतलं. २०२१ च्या हंगामात याच कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला होता. त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

म्हणजे वेग बिनकामाचा आहे का? अजिबात नाही. वेग असला की बचावपटू घाबरून मागे सरकतो आणि पुढे जागा मोकळी होते. पण ही दौड सरळ रेषेत, अंगावर कुणी नसताना होते. सामन्यात रिसीव्हरला धावता धावता झटकन थांबावं लागतं, वळावं लागतं, समोरच्याचा धक्का पचवावा लागतो. यातलं काहीच त्या साडेचार सेकंदांत दिसत नाही.

मेटकाफची गोष्ट : आकडा खरा, अर्थ चुकीचा

२०१९ च्या कम्बाइनमध्ये डीके मेटकाफने सगळ्यांचे डोळे विस्फारले. जवळपास सव्वासहा फूट उंची, १०३ किलो वजन आणि तरी ४० यार्ड ४.३३ सेकंदांत. पण त्याच दिवशी आणखी एक चाचणी झाली. तीन शंकू ठेवून त्यांच्याभोवती वळणं घेत धावायची. त्यात मेटकाफला ७.३८ सेकंद लागले. हा आकडा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीपेक्षाही वाईट होता. ब्रेडीने २००० मध्ये हीच चाचणी ७.२० सेकंदांत दिली होती आणि वेगासाठी तो कधीच ओळखला गेला नाही. झालं, सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात झालेली मानेची दुखापतही संघांच्या मनात होतीच.

मेटकाफ दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, ६४ व्या क्रमांकावर सिएटल सीहॉक्सकडे गेला. त्याच्याआधी आठ रिसीव्हर निवडले गेले होते.

शंकूंच्या चाचणीने खोटं सांगितलं नव्हतं. मेटकाफ खरंच छोट्या, तीक्ष्ण वळणांचा खेळाडू नाही. सिएटलने त्याला तशी कामं फारशी दिलीच नाहीत. त्याला सरळ, लांब आणि तिरप्या वाटांवर पळवलं. दुसऱ्याच हंगामात त्याच्या नावावर १,३०३ यार्ड आणि १० टचडाउन जमा झाले. २०२० मध्ये ॲरिझोनाच्या बुडा बेकरने चेंडू पळवून टचडाउनकडे धाव घेतली, तेव्हा मेटकाफने ताशी २२.६४ मैल, म्हणजे सुमारे ३६ किलोमीटर वेगाने मागून येऊन त्याला पाडलं. तो व्हिडिओ फुटबॉल न बघणाऱ्यांनीही पाहिला असेल.

थोडक्यात, खेळाडूला काय येत नाही याची यादी करणं सोपं. जे येतं, त्याचा आपल्याकडे उपयोग आहे का, हे ठरवणं अवघड.

मग २०२० मध्ये नेमकं काय झालं?

त्या वर्षी पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर निवडले गेले. जेफरसन त्यातला पाचवा होता. म्हणजे त्याला ओलांडून पुढे जाणारे ईगल्स एकटे नव्हते. पण त्यांचा क्रमांक अगदी लागून होता आणि गरजही तीच होती, म्हणून बोट त्यांच्याकडे जातं.

ईगल्सच्या बाजूने विचार करून बघा. त्यांचा डीशॉन जॅक्सन हा वेगवान रिसीव्हर तिशी ओलांडून गेला होता आणि दुखापतींनी बेजार होता. त्यांना वेग हवा होता. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या रेगरकडे तो होता. त्याने कम्बाइनमध्ये ४२ इंच उंच उडीही मारली होती. वडील माँटे रेगर एनएफएल खेळलेले, सुपर बोल जिंकलेले.

अडचण एकच होती. २०१८ मध्ये १,०६१ यार्ड मिळवणारा रेगर २०१९ मध्ये ६११ यार्डांवर घसरला होता. याचं स्पष्टीकरणही तयार होतं. कॉलेजच्या क्वार्टरबॅकचे चेंडू नीट येत नव्हते, त्यात त्या पोराचा काय दोष?

जेफरसनचं उलट होतं. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेटकडून त्याने १११ झेल, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन केले. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिल्या अर्ध्यातच चार टचडाउन. त्याचा संघ १५ पैकी १५ सामने जिंकून विजेता ठरला. पण आकडे जितके चांगले, तितक्या शंका जास्त. क्वार्टरबॅक जो बरो होता, मग झेल तर मिळणारच. दुसऱ्या बाजूला जमार चेससारखा रिसीव्हर होता, मग बचावपटूंचं लक्ष त्याच्याकडेच जाणार. आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे त्या हंगामात जेफरसन बहुतांश वेळ 'स्लॉट'मध्ये, म्हणजे कडेला न राहता थोडा आतल्या बाजूला उभा राहून खेळला होता. तिथे बचावपटू थेट अंगावर कमी येतो. मग हा मुलगा कडेला उभा राहून खेळू शकेल का?

इथेच घोडं अडलं. रेगरच्या अपयशाला परिस्थितीचं कारण दिलं गेलं आणि जेफरसनच्या यशालाही परिस्थितीचंच. तर्क एकच, पण एकाला त्याचा फायदा मिळाला आणि दुसऱ्याला तोटा झाला.

खरं तर स्लॉटच्या शंकेचं उत्तर एक वर्ष मागे जाऊन मिळत होतं. २०१८ मध्ये, बरोचं नाव व्हायच्या आधी, जेफरसन प्रामुख्याने कडेलाच खेळला होता आणि ८७५ यार्डांसह तो संघाचा पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर होता. २०१९ मध्ये तो आत उभा राहिला, कारण प्रशिक्षकांनी नव्या योजनेत त्याला तिथे उभं केलं. ती त्याची भूमिका होती, मर्यादा नव्हती.

वेगाबद्दल म्हणाल तर कम्बाइनमध्ये जेफरसनची वेळ ४.४३ सेकंद आली. ज्याच्या वेगासाठी त्याला मागे टाकलं गेलं, त्या रेगरची ४.४७.

पण दोष सगळा निवडीचाच होता का?

नाही. आणि हा भाग क्लिप फिरवताना कुणी सांगत नाही.

रेगर ज्या संघात गेला, तो २०२० मध्ये कोसळत होता. १६ सामन्यांत अवघे चार विजय. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा फॉर्म एवढा बिघडला की त्याला बसवावं लागलं. हंगाम संपल्यावर प्रशिक्षकांची नोकरी गेली. रेगरला आधी खांद्याची आणि मग अंगठ्याची दुखापत झाली. तो ११ सामनेच खेळू शकला.

जेफरसनला मात्र कर्क कझिन्ससारखा स्थिर क्वार्टरबॅक मिळाला. दुसऱ्या बाजूला ॲडम थिएलेनसारखा अनुभवी जोडीदार होता. गंमत म्हणजे वायकिंग्जनेही पहिल्या दोन सामन्यांत त्याला सुरुवातीपासून उतरवलं नव्हतं. तिसऱ्या सामन्यात उतरवलं आणि त्याने १७५ यार्ड ठोकले. हंगाम संपला तेव्हा १,४०० यार्ड झाले होते. सुपर बोल सुरू झाल्यानंतरच्या काळात नवख्या रिसीव्हरची ती सर्वोत्तम कामगिरी होती. पुढच्याच वर्षी कॉलेजमधल्या जोडीदाराने, म्हणजे जमार चेसने, १,४५५ यार्डांसह तो विक्रम मोडला. स्लॉट, बरो, चेस यांची नावं घेऊन काढलेल्या शंका दोघांनीही दोन वर्षांत निकालात काढल्या.

जेफरसन फिलाडेल्फियाला गेला असता तर पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड झाले असते का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण दुसऱ्या हंगामात ईगल्सचा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक दोन्ही बदलले, तरी रेगरचे यार्ड २९९ वरच थांबले. म्हणजे परिस्थितीने काही अंशी घात केला, सगळा नाही.

एवढा जीव का टाकायचा? कारण पैसा

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा आहे. नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून ठरतो आणि पहिला करार चार वर्षांचा असतो. या काळात तो स्टार झाला तरी संघाला स्वस्तात पडतो.

त्यानंतर मात्र हिशोब बदलतो. जून २०२४ मध्ये जेफरसनने वायकिंग्जशी चार वर्षांचा १४ कोटी डॉलरचा करार केला. मार्च २०२५ मध्ये चेसचा करार त्याच्याही पुढे, १६ कोटी १० लाख डॉलरवर गेला. स्टार रिसीव्हर बाजारातून घ्यायचा तर हा भाव. ड्राफ्टमधून बरोबर ओळखला तर चार वर्षं त्याच्या तुलनेत किरकोळ खर्चात.

वायकिंग्जने हेच केलं. त्यांचा आधीचा स्टार स्टेफॉन डिग्ज संघावर नाराज होता. मार्च २०२० मध्ये त्यांनी त्याला बफेलो बिल्सला दिलं आणि बदल्यात मिळालेल्या क्रमांकांत हा २२ वा क्रमांक होता. हा डिग्ज स्वतः २०१५ मध्ये १४६ व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

चुकलेल्या संघाला दुहेरी फटका बसतो. स्वस्त स्टार हातचा जातो आणि ती जागा भरायला पुन्हा किंमत मोजावी लागते. ईगल्सने २०२१ मध्ये पुढचा क्रमांक मिळवून डेव्होंटा स्मिथला घेतलं. २०२२ मध्ये ड्राफ्टच्या रात्रीच टेनेसीकडून ए. जे. ब्राउनला आणलं आणि मोठा करार दिला. चूक कबूल करून लगेच दुरुस्त केली म्हणा. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच दोघांना घेऊन ईगल्सने चीफ्सना ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला.

आणि रेगर? ऑगस्ट २०२२ मध्ये ईगल्सने त्याला सोडलं, तेव्हा घेणारा संघ होता वायकिंग्ज. जेफरसनच्या शेजारीच त्याला उभं राहावं लागलं. याला योगायोग म्हणावा तर त्याच महिन्यात आणखी एक घडलं. २०१९ मध्ये ईगल्सने मेटकाफच्या आधी, ५७ व्या क्रमांकावर जे. जे. आर्सेगा-व्हाइटसाइडला घेतलं होतं. तीन हंगामांत १६ झेल घेऊन तो ज्या संघाकडे गेला, तो सिएटल होता. मेटकाफला घेणारा तोच संघ.

मग चांगला रिसीव्हर ओळखायचा कसा?

हमखास सूत्र कुणाकडेच नाही. तरी अलीकडे जाणकार ज्या गोष्टींवर भर देतात, त्या अशा :

- किती लवकर चमकला? १९-२० व्या वर्षी आपल्याहून मोठ्या मुलांसमोर संघाचा मुख्य रिसीव्हर झालेला मुलगा, पाचव्या वर्षी चमकलेल्यापेक्षा जास्त भरवशाचा मानला जातो.
- संघाच्या एकूण यार्डांत त्याचा वाटा किती? नुसते १,००० यार्ड फसवे असू शकतात. संघ दर सामन्यात ५० वेळा चेंडू फेकत असेल तर कुणाचेही आकडे फुगतात.
- प्रत्येक धावेमागे किती यार्ड? तो जितक्या वेळा रूट धावला, त्या प्रत्येक वेळेमागे किती कमाई झाली, हे बघितलं की संधी आणि कौशल्य थोडं वेगळं काढता येतं.
- जागा कशी तयार करतो? बचावपटू अंगाला चिकटलेला असताना उंच उडी मारून घेतलेला झेल रीलवर भारी दिसतो. पण कॉलेजमध्ये प्रत्येक झेल असाच घ्यावा लागत असेल, तर तो मोकळा होत नाही असाही त्याचा अर्थ निघतो.
- कोणत्या संघात चाललाय? ही गोष्ट खेळाडूच्या हातात नसते आणि बहुधा सगळ्यात महत्त्वाची तीच असते.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तम उदाहरण रॅम्सचंच आहे. आपल्याला अफाट वेगापेक्षा अचूक धावणारा आणि अंगाला अंग भिडवायला न घाबरणारा रिसीव्हर हवा, हे कपला निवडणाऱ्या या संघाला पक्कं ठाऊक होतं. २०२३ मध्ये त्यांनी पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर पुका नाकुआला घेतलं. हंगामाच्या सुरुवातीला कप जखमी झाला, नाकुआला जागा मिळाली आणि त्याने १,४८६ यार्ड केले. नवख्या खेळाडूसाठी हा सर्वकालीन विक्रम ठरला. त्याच्याआधी १७६ वेळा कुणा ना कुणा संघाने दुसरंच नाव घेतलं होतं. त्यात खुद्द रॅम्सही होते.

आपल्याशी याचा काय संबंध?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार हा निर्णय तिथे झाला आणि आपल्याकडे त्याचीच बातमी गाजली. पण त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होता. यात टॅकल नसतं, कमरेची पट्टी ओढली की खेळाडू बाद. एनएफएलच्या खेळाडूंना त्यात उतरू देण्याला लीगच्या संघमालकांनी मे २०२५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे हे रिसीव्हर तुमच्या फीडवर आता आणखी दिसणार.

तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये कुणा पोराची ४० यार्डांची क्लिप 'पुढचा सुपरस्टार' म्हणून समोर आली, तर शेअर करण्याआधी एवढंच बघा : त्याच्या अंगावर कुणी बचावपटू होता का? त्याला चेंडू कोण फेकत होतं? मागच्या वर्षी तो कुठे उभा राहून खेळत होता? आणि 'फ्लॉप' म्हणून कुणाची टिंगल दिसली, तरी हेच प्रश्न विचारा. ड्राफ्टच्या त्या रात्री रेगर २१ वर्षांचा होता आणि जेफरसन २०. २१ वा क्रमांक रेगरने मागितला नव्हता, तो ईगल्सने दिला होता.